अण्णांचे पांढरे दगड

मी त्यांना 'अरे अण्णा' म्हणत असे. माझं वय चोवीस, त्यांचं पन्नाशीच्या पुढचं. पण मी ज्युनिअर इंजिनिअर आणि ते मैलकुली, म्हणजे वाट्याला आलेला रस्ता राखणारे मजूर. ऑफिसात शिपायापासून ड्रायव्हरपर्यंत सगळेच त्यांना एकेरीत हाक मारत, मग साहेब असून मी कसा मागे राहणार? आता लिहिताना 'ते' आणि 'त्यांना' लिहितो आहे. कागदावर मान द्यायला काही पडत नाही, हे मलाही कळतं.

तेलंगणाच्या सीमेलगतच्या चिंताकी गावाच्या अलीकडचा सहा किलोमीटरचा रस्ता त्यांच्याकडे होता. त्याला ते 'माझी लांबी' म्हणत. खात्यातला कोरडा शब्द, पण त्यांच्या तोंडून 'माझी थोरली लेक' म्हटल्यासारखा यायचा. डोक्याला टॉवेल, खांद्यावर फावडं, एका हातात तेलाचा डबा कापून केलेली बादली, तीत कालवलेला चुना आणि घायपाताचा कुंचा, असे ते सकाळी एका टोकाला उभे राहत आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगानं चालू लागत. वाटेत खड्डा लागला आणि खडी-डांबर हाताशी असलं तर भरायचे. नसलं तर भोवती चार दगड मांडायचे आणि प्रत्येक दगडाला चहूबाजूंनी चुना फासायचे. चुना वाळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. काळा दगड रस्त्यावर ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच होतं. खड्डा भरला की पांढरे दगड उचलून बाजूच्या बाभळीखाली रचून ठेवत.

मी नवा होतो तेव्हा एकदा त्यांना जीपमधून सोडतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "बसलेल्याला खड्डा लागतो, साहेब. चालणाऱ्याला दिसतो," म्हणाले आणि चालू लागले. नोकरीभर ते खात्याच्या कुठल्याही गाडीत बसले नव्हते, असं ड्रायव्हर सांगायचा. हे सांगताना तो डोक्याजवळ बोट फिरवायचा आणि मीही हसायचो.

त्यांच्या खड्ड्यांना नावं होती. आम्ही लोक नकाशावरचे आकडे सांगायचो. ते सांगायचे, 'लंगड्या साहेबाचा खड्डा परत उघडलाय', 'मिशीवाल्या साहेबाचा भरला'. ज्या साहेबाच्या कारकिर्दीत खड्डा पडला, त्याच्या नावावर तो कायमचा. मिशीवाला साहेब निवृत्त होऊन हैदराबादला नातवंडं खेळवत बसला असेल, पण चिंताकीच्या वळणावर त्याचं नाव दर पावसाळ्यात निघत होतं. मी एकदा गमतीनं विचारलं, माझा कुठला रे? त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तुमचा आजून पडला न्हाई." मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं. घरी, नौबादला, जेवताना मी ते वडिलांना सांगितलंसुद्धा.

बाजाराच्या दिवशी फाट्यावर उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, तिकडून तेलंगणाच्या लॉऱ्या, इकडून बस असा सगळा गुंता व्हायचा. तो सोडवणं हे पोलिसांचं काम, अण्णांचं नव्हे. पण पोलीस यायचा अकराला आणि गुंता व्हायचा नऊला. अण्णा लाल फडकं घेऊन मधोमध उभे राहत. बसच्या ड्रायव्हरशी कन्नड, लॉरीवाल्याशी दखनी, पलीकडच्या लोकांशी मोडकीतोडकी तेलुगू. शिव्या मात्र सगळ्यांना मराठीतून. आईनं शिकवलेल्या भाषेत दिलेली शिवी मनातून निघते, असं त्यांचं म्हणणं होतं. लॉरीवाल्यांना शब्द कळत नसत, पण गाडी मागे घेत.

त्यांचा खरा राग मात्र होता सोडून दिलेल्या दगडांवर. आमच्याकडची ही रीतच आहे. गाडी बंद पडली की ड्रायव्हर पाठीमागे रस्त्यावर दगड मांडतो, वर एखादी फांदी टाकतो, म्हणजे मागून येणारा सावध होतो. यात चूक काही नाही. पण गाडी दुरुस्त झाली की तो तसाच निघून जातो. गाडी गेलेली असते आणि मोकळ्या रस्त्याच्या मधोमध डोक्याएवढे दगड पडून असतात. अण्णा रोज असे दगड उचलत. उचलताना पुटपुटत, "ठिवायला दोन हात लागतेत, उचलायला बी दोनच. मग कामून जड होतो?"

एकदा त्यांनी यावरून अख्खी बस अडवली. आदल्या संध्याकाळी ती बस त्यांच्या लांबीत बंद पडली होती आणि ड्रायव्हर दगड सोडून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बस वऱ्हाड घेऊन आली. अण्णा फडकं धरून आडवे उभे. ड्रायव्हरला म्हणाले, खाली उतर, तुझे दगड आहेत, उचल. तो आधी चिडला, मग हसला, मग मुहूर्ताचं कारण सांगू लागला. अण्णा ढिम्म. शेवटी ड्रायव्हर उतरला, त्याच्यामागे नवरदेवाचा मामा उतरला आणि काय चाललंय ते बघायला मुंडावळ्या बांधलेला नवरदेवही उतरला. त्यानं हळदीच्या हातांनी एक दगड कडेला नेऊन ठेवला म्हणतात. वऱ्हाड गेलं, पण तक्रार माझ्या टेबलावर आली.

मी अण्णांना बोलावून झापलं. तू रोज उचलतोस ना, मग तेवढे चार दगड उचलले असतेस तर काय झिजला असतास, असं काहीतरी बोललो. ते हात मागे बांधून ऐकत होते. मग म्हणाले, "मी उचलतोच की, साहेब. पर ज्यानं ठिवला त्यानं एकदा तरी उचलावा. मग पुन्यांदा ठिवताना हाताला याद ऱ्हाती." मी त्यांना जायला सांगितलं. ते वाक्य मात्र मी जपून ठेवलं आणि पुढे बऱ्याच ठिकाणी वापरलं.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो. इतका वेळ मी त्यालाच वळसा घालत होतो.

मे महिन्यातला रविवार होता आणि त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. अण्णा रविवारीसुद्धा लांबीवर फिरत, पण वर्षातला हा एक दिवस त्यांनी मागून घेतला होता. पांढरे कपडे घालून ते चिंताकीत, आपल्या गावच्या विहारात असत. मला हे माहीत होतं, मीच हो म्हणालो होतो. त्याच दिवशी मी आई-वडिलांना घेऊन सीमेपलीकडच्या एका गावी मुलगी बघायला निघालो होतो, खात्याच्या जीपनं. सरकारी गाडी खाजगी कामाला न्यायची नसते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मुलीकडच्यांच्या दारात सरकारी जीपमधून उतरण्याची ऐट काही वेगळीच असते.

भर दुपारी, चिंताकीच्या अलीकडे, चाक बसलं. ड्रायव्हरनं मागे चार मोठे दगड मांडले आणि जॅक लावला. ऊन असं होतं की डांबर पायाला चिकटत होतं. चाक वर जाण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. त्याच्या बुडाएवढा, चार बोटं खोल खड्डा पडला तेव्हा ड्रायव्हरनं एक फरशी आणून खाली घातली आणि मग चाक बदललं. आई सारखी घड्याळ बघत होती. आम्ही बसलो. वडील शाळामास्तर, त्यांची नजर मागे गेली. म्हणाले, "अरे, ते दगड?"

"अण्णा उचलतो," मी म्हणालो. "त्याचं कामच आहे."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मुलीनं नकार दिला, तेही सांगून टाकतो. आम्ही दुसऱ्या वाटेनं परत आलो.

दिवेलागणीच्या सुमाराला गावातला टेलर मोटारसायकलवरून येत होता. समोरून आलेल्या ट्रॅक्टरच्या दिव्यानं त्याचे डोळे दिपले आणि तो त्या दगडांवर आदळला. जिवावरचं पायावर निभावलं, असं लोक म्हणाले. पण तो पाय उजवा होता, शिलाई मशीनच्या पायट्यावरचा. घोट्याचा चुरा झाला होता.

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी मला जागा बघून अहवाल लिहायला पाठवलं. म्हणजे चोरालाच पंचनाम्याला. मी पोचलो तेव्हा गावातली पंधरा-वीस माणसं जमली होती. दगड कडेला ओढून ठेवले होते, एकावर रक्ताचा डाग होता. आणि मग मला जॅकचा तो खड्डा दिसला. वाटोळा, स्वच्छ कडांचा. असा खड्डा पावसानं पडत नाही, बैलगाडीनं पडत नाही. गाडी इथे उभी होती आणि हे दगड त्या गाडीचे, हे तो खड्डा बघणाऱ्याला सांगत होता. मी दोन पावलं सरकलो, त्याच्यावर बूट ठेवला आणि वही उघडली.

टेलरचा भाऊ अण्णांकडे हात करून म्हणाला, "ह्येनंच ठिवले असतील. ह्येलाच दगडाचं याड हाय." दुसरा म्हणाला, व्हय, रोज ठेवतो, आम्ही बघतो. अण्णा चुन्याची बादली घेऊन बाजूला उभे होते. त्यांनी दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलले.

"माझे दगड पांढरे असतेत, साहेब."

मी ऐकलं. अहवाल सरकारी रिवाजानं कन्नडमध्ये लिहीत होतो, हात थांबला नाही. मी लिहिलं की, या लांबीतील मजूर रस्त्यावर खड्ड्यांभोवती दगड मांडतो, असे ग्रामस्थ सांगतात. वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. फक्त दगडांचा रंग मी लिहिला नाही. तो एक शब्द लिहिला असता तर अण्णा सुटले असते आणि मग दगड कोणाचे हा प्रश्न उभा राहिला असता. जीपच्या वहीत रविवारची फेरी दिसलीच नसती, पण ड्रायव्हर फुटला असता, माझी पहिलीच नोकरी, वडिलांचं नौबादमधलं नाव, असं सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात फिरत होतं. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला हात अजूनही कचरतो. अण्णांचं घर गावाच्या कुठल्या बाजूला आहे, हे जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. लोकांनी त्यांचं नाव इतक्या सहज घेतलं आणि मी ते इतक्या सहज कागदावर येऊ दिलं, त्यात त्या बाजूचा वाटा होता.

आठवड्यानं मी पुन्हा तिथून गेलो. खड्डा नव्हता. बारीक खडी घालून, वर डांबर ओतून, कडा ठोकून कोणीतरी तो इतका नीट भरला होता की जागा शोधावी लागली. तसं काम आमच्या तालुक्यात एकच माणूस करत होता. मला हायसं वाटलं. अण्णांना सगळं कळलंय आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं, असं मी ठरवून टाकलं. बारा वर्षं मी त्या समजुतीच्या सावलीत बसलो. मालकासाठी चटका सोसणारा इमानी माणूस, असं एक चित्र मी मनात रंगवलं होतं. त्यात मालक मी होतो, हे सांगायला नकोच.

अण्णांना रस्त्यावरून काढलं आणि तालुक्याच्या ऑफिसात झाडांना पाणी घालायला बसवलं. नोकरीभर पायी चाललेल्या माणसाला रोज बसनं यावं लागू लागलं. जागा रिकामी असली तरी ते पायरीजवळ उभे राहत. गावची माणसं त्याच बसमध्ये असत आणि त्यांच्याशी बोलत नसत, हे मला कंडक्टरनं सांगितलं. टेलरनं बरा झाल्यावर मशीनला मोटर बसवून घेतली, पण अण्णा दुकानावरून गेले की तो मान फिरवायचा. पूर्वी अण्णांच्या सदऱ्याला तोच काजं करून द्यायचा.

ऑफिसात अण्णांनी कुंड्यांना चुना लावला. मग झाडांच्या बुंध्यांना, फाटकाच्या खांबांना, नळाच्या ओट्याला. दोन महिन्यांत आवारात चुना लावण्यासारखं काही उरलं नाही. मग ते फाटकाशी उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत. मी आलो की हात कपाळाला लावून नमस्कार करत, पहिल्यासारखाच. मी मागच्या दारानं ये-जा करू लागलो. वर्षभरात बदली मागून घेतली.

आता मी कलबुर्गीला असतो, हुद्दाही वाढलाय. गेल्या वर्षी नव्या इंजिनिअर पोरांना रस्त्यावरच्या सुरक्षेबद्दल चार गोष्टी सांगायला मला उभं केलं. मी अण्णांची गोष्ट सांगितली. खड्ड्यांची नावं, मराठीतल्या शिव्या, अडवलेलं वऱ्हाड. पोरं खदाखदा हसली. शेवटी मी ते वाक्य टाकलं, ज्यानं ठेवला त्यानं एकदा तरी उचलावा. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक मुलगी येऊन म्हणाली, सर, मग पुढे त्यांचं काय झालं? मी म्हणालो, निवृत्त झाले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी चिंताकीला गेलो. अण्णा दाराशी कट्ट्यावर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं धूसर दिसत होतं. अंगणाच्या कडेचे दगड पांढरेशुभ्र होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "अण्णा, कसे आहात तुम्ही?" त्यांनी आवाज ओळखला आणि हसले. "साहेब व्हय? आन् अहो-जाहो कामून करायलाव?"

चहा झाला. मग मी सगळं सांगितलं. जीप, मुलगी, वडील काय म्हणाले, मी काय म्हणालो, बूट कुठे ठेवला. मान वर करायचा धीर नव्हता, त्यांच्या अंगणातल्या दगडांशीच बोलत होतो. माझं संपल्यावर ते म्हणाले, "मला ठाव हाय. त्या दिशी विहारापसून जीप जाताना बगितलती मी. मागं आईसाहेब बसलत्या."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"बोललतो की. माझे दगड पांढरे असतेत म्हनलतो. तुमी लिवलं न्हाई."

एवढ्यावर मी उठायला हवं होतं. पण बारा वर्षांची समजूत सुटत नव्हती. मी म्हणालो, "तो जॅकचा खड्डा तुम्हीच भरलात ना? तेवढी एकच खूण होती. तुम्ही माझ्यासाठीच..."

अण्णांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. त्यात राग नव्हता. हा माणूस इतकी वर्षं रस्त्याच्या खात्यात काय करत होता, असं काहीतरी होतं.

"तुमच्यासाठी कामून भरू? खड्डा व्हता, साहेब. पावसाळा तोंडावर आलता, पानी शिरलं आसतं त्यात." मग म्हणाले, "तुमच्या नावाचा पयला खड्डा त्यो. माझ्या लांबीतला शेवटचा. त्यो भरला आन् मग हापिसात गेलो."

ज्या खुणेनं ते सुटले असते ती त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवली होती, कारण ती खूण म्हणजे खड्डा होता. त्या कामात मी कुठेच नव्हतो. मी खाली मान घालून माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाले, "मला काय सांगायलाव? मला तर ठाव हाय. ज्याला ठाव न्हाई त्याला सांगा. त्याचा पाय हाय."

टेलरचं दुकान तिथून तीन गल्ल्या पलीकडे होतं. तो शाळेचे गणवेश शिवत बसला होता, मशीनची मोटर चालू होती. मला आधी त्यानं ओळखलंच नाही. कसलं माप द्यायचंय, विचारलं. मी उभ्या उभ्या सांगितलं. दगड माझ्या जीपचे होते. ते अण्णांचे नव्हते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यानं हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि मोटर बंद केली. तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो भिंतीला धरून उठला, चपला घातल्या आणि माझ्या अंगावरून, मी दाराचा खांब असल्यासारखा, बाहेर पडला. समोरच्या पिठाच्या गिरणीत त्याचा भाऊ उभा होता. त्याला त्यानं हाक मारली, म्हणाला, "चल, अण्णाकडं जायचंय. आपलं चुकलंय."

दोघं अण्णांच्या गल्लीकडे निघाले. भाऊ पुढे, टेलर उजवा पाय ओढत मागे. मी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभा होतो. त्यांच्या मागून जायला मला कोणी सांगितलं नव्हतं.